आधी लॉग, मग स्क्रूड्रायव्हर

पंधरा मीटरवरून कोलांट्या खात ड्रोन उभ्या गाडीच्या टपावर पडला, एक प्रोपेलर तुटला, तो बदलल्यावर सगळं ठीक दिसतंय. मग उद्या उडवू का आणि हे कुठे कळवायलाच हवं का, असं तुम्ही विचारलंय. उडवू नका. आणि हो, कळवा.

मुळात पडल्यामुळे प्रोपेलर तुटला की प्रोपेलर तुटल्यामुळे ड्रोन पडला, हेच अजून ठरलेलं नाही. ते लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतःच ठेवलेली उड्डाणाची नोंद, सांगेल. काहीही खोलण्याआधी तो उतरवून घ्या आणि मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. ड्रोन आर्डूपायलट या उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालत असेल तर मागितलेला रोल (डावी-उजवीकडे झुकणं) आणि प्रत्यक्षातला रोल या दोन रेघा एकत्र बघा. एरवी त्या चिकटून चालतात, बिघाडाच्या क्षणी फाकतात. त्याच वेळी एका मोटरचं आउटपुट कमाल मर्यादेला टेकलेलं आणि तिच्या तिरक्या समोरच्या टोकाच्या मोटरचं घसरलेलं असेल, तर टेकलेल्या बाजूनेच दगा दिला: मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किंवा प्रोपेलर. उंची शिल्लक असतानाच लॉग तुटला असेल तर वीजपुरवठ्यावर संशय घ्या.

लॉगसाठी ड्रोनसोबत पडलेली बॅटरी मात्र लावू नका. चेपलेला लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक काही तासांनीही पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर, जळणार नाही अशा जागी ठेवा. चार्ज तर नाहीच. दुसरी बॅटरी लावा, तीही चारही प्रोपेलर काढून.

मग हाताने तपासणी. मोटर फिरवताना खरखर लागते का, शाफ्ट डुगडुगतो का? (मोटरमधली चुंबकं मातीतला लोहकीस अगदी आवडीने ओढून घेतात.) आर्म, म्हणजे मोटर धरणारा दांडा, हलकेच पिळून बघा. मी एकदा तुमच्यासारखाच प्रोपेलर बदलून मोकळा झालो होतो. आठवड्याने आर्म हवेतच दुमडला. मुळाशी केसाएवढी चीर होती, नुसत्या नजरेला न दिसणारी. प्रोपेलर चारही नवे घाला. पहिलं उड्डाण माणसांपासून दूर, डोक्याएवढ्या उंचीवर, दोन-तीन मिनिटांचं. नंतर लॉगमधली कंपनं बघा. ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत असली तर ठीक.

कळवण्याचं म्हणाल तर दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालंय, त्यामुळे गाडीमालकाला आजच सांगा आणि विमा असेल तर दुरुस्तीआधी विमा कंपनीला. हवाई नियामकाकडे कळवायची मुदत आणि नुकसानीची मर्यादा देशागणिक वेगळी असते, कुठे ४८ तास, कुठे १० दिवस. तुमच्याकडचा नियम आजच वाचा. अहवालात वेळ, जागा, उंची, वारा, फ्लाइट मोड, बॅटरीची टक्केवारी, फर्मवेअर आणि तुम्ही त्या क्षणी काय केलंत ते लिहा. 'सिग्नल गेला' असं सगळेच लिहितात. लॉगमध्ये तसं दिसत असेल तरच लिहा, नाहीतर 'माझा अंदाज' म्हणून वेगळ्या ओळीत.

आणि तो तुटलेला प्रोपेलर कचऱ्यात टाकला असेल, तर आधी तो शोधून आणा.