गोठली नाही, म्हणजे दारू अस्सल?

प्रश्न : लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी बिअर आणि व्हिस्कीच्या बाटल्या रात्री आमच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. सकाळी बिअरची बाटली तडकलेली, व्हिस्की मात्र जशीच्या तशी पातळ. दीर म्हणाले, "गोठली नाही, म्हणजे माल अस्सल. हातभट्टीचीही अशीच पारखायची." हे खरं आहे का? – एक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, दिरांनी पाहिलं ते बरोबर, पण त्यावरून काढलेला अर्थ जिवावर बेतू शकतो.

पाणी शून्य अंशाला गोठतं, शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांना. दोन्ही मिसळले की अल्कोहोल जितकं जास्त, तितकी थंडी जास्त लागते. ५ टक्क्यांची बिअर उणे २ च्या आसपास गोठू लागते. व्हिस्कीच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं; तिला उणे ३० च्या जवळपास थंडी हवी आणि घरचा फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंतच जातो. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो तेही याचसाठी. पाण्यात दुसरं काही विरघळलं की ते सहजासहजी गोठत नाही.

बिअर गोठताना आधी पाण्याचा बर्फ होतो, तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. शिवाय बर्फात न मावणारा वायू बाटलीत दाब वाढवतो. म्हणून काच तडकली. ती बिअर गाळूनही कोणी पिऊ नये.

आता खरा मुद्दा. पाण्यात 'दुसरं काही' आहे एवढंच फ्रीझर सांगतो, काय आहे ते सांगत नाही. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल उणे ९८ अंशांना गोठतं. वजनाला सारखंच घातलं, तर पाण्याला गोठू न देण्यात ते साध्या अल्कोहोलच्याही पुढे आहे. अमळनेरला रसायनशास्त्र शिकवताना मी दोन्हींच्या परीक्षानळ्या वर्गात शेजारी धरत असे. दोन्ही पाण्यासारख्या नितळ. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगायचो, धोका मोहाच्या फुलात नाही, कुणी त्यात कारखान्यातलं स्पिरिट मिसळलं तर आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच विषारी दारूने शंभरावर माणसं गेली.

फ्रीझरवरून फार तर एक गोष्ट कळते : ४२.८ टक्क्यांच्या बाटलीत बर्फाचे कण दिसले, तर तिच्यात पाणी घातलेलं आहे. न गोठणाऱ्या बाटलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दिरांना एवढं जरूर सांगा. मिथेनॉलची लक्षणं कधी बारा, कधी चोवीस तासांनी उमटतात : पोटात कळ, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुकं. अशी लक्षणं दिसणाऱ्या माणसाला 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून झोपवून ठेवू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना न लपवता सांगा. यावर उतारा आहे, डायलिसिसही करता येतं. वेळेत पोहोचलं तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.