हरणाच्या मांसाची जर्की घरी कशी करतात? डीहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं यंत्र) नसेल तर ओव्हनमध्ये जमते का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये येऊन तुम्हाला दोन महिने झालेत, ऑफिसातल्या एकानं शिकारीनंतर पाचेक पौंड हरणाचं मांस हातात ठेवलंय, डीहायड्रेटर नाही, ओव्हन आहे. आणि शेवटी हळूच विचारलंय, ‘बोंबलासारखं वाळवलं तर नाही का चालणार?’ मी या राज्यात 11 वर्षं काढली आहेत आणि पहिल्या वर्षी नेमकं हेच माझ्याही डोक्यात आलं होतं. म्हणून आधी त्या बोंबलाचंच बोलू.

आपल्याकडे सुकट, सोडे, बोंबील वाळवतात. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवायची रीतही महाराष्ट्रात जुनी आहे. दलित वस्त्यांमध्ये त्यांना चान्या म्हणतात. पण यातली कुठलीही गोष्ट आपण दांडीवरून काढून थेट तोंडात टाकत नाही. बोंबील भाजतो, सुकट तव्यावर परततो, चान्यांचं कालवण होतं. तोंडात जाण्याआधी तिला विस्तव लागतोच. जर्कीचं, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचं, तसं नाही. ती पिशवीतून काढायची आणि चावत बसायची, म्हणजे तो विस्तव करणाऱ्यानेच आधी दाखवून ठेवायला हवा. वाळल्याने जंतू मरत नाहीत, नुसते वाढायचे थांबतात. 1995 साली ऑरेगनमध्ये घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय या जंतूची लागण होऊन 11 जण आजारी पडले होते. ते मांस वाळवलं होतं, पण मंद आचेवर.

मंद आचेची गंमत अशी की ओव्हनमधली हवा 60 सेल्सिअस असली तरी ओली पट्टी तितकी तापत नाही. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं, त्याच कारणानं ती गार राहते. पाणी उडून जाईपर्यंत तिचं तापमान चढत नाही, आणि चढतं तोवर कोरडे पडलेले जंतू उष्णतेला चिवट झालेले असतात.

आता मांसाकडे. पाकीट फ्रीझरमध्ये टाकण्याआधी देणाऱ्याला एक प्रश्न विचारा: या हरणाची सीडब्ल्यूडीची तपासणी झाली आहे का? हा हरणांच्या मेंदूचा रोग. माउंट होरेबच्या आसपास 2002 साली तो या राज्यात पहिल्यांदा सापडला आणि आता बऱ्याच काउंट्यांमध्ये आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरण खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. बाकी जंतूंचं आपण उष्णतेने बघून घेऊ, हा मात्र शिजवून जात नाही. राज्याचं वनखातं तपासणी फुकट करतं, त्यामुळे विचारायला लाजू नका. इथले शिकारी या प्रश्नाने दुखावत नाहीत.

मागच्या मांडीचा तुकडा जर्कीला उत्तम. पांढऱ्या कागदाच्या पुडक्यावर मार्करने ‘राउंड’ किंवा ‘सर्लॉइन टिप’ असं लिहिलं असेल तर तुमचं काम झालं. खिमा असेल तर त्याची जर्की पहिल्या खेपेला करू नका, सरळ खिमा-पाव करा. हरणाच्या मांसात मुळातच चरबी कमी, म्हणून तर ते वाळवायला चांगलं. पण जी काय चरबी असते ती मेणचट लागते आणि लवकर खवट होते. ती सगळी काढा. वरचा चंदेरी पापुद्राही सुरीचं टोक खाली सरकवून सोलून काढा. गोळी लागलेल्या जागेजवळचं काळपट, रक्त साकळलेलं मांस दिसलं तर बाजूला टाका. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबवर पसरतात.

कापायच्या आधी तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. पुरता गोठू द्यायचा नाही, बोटाने दाबला तर जेमतेम दबेल इतपत. मग धारदार सुरीने पाव इंचाहून जाड होणार नाहीत अशा पट्ट्या काढा. मांसाच्या धाग्याला आडवं कापलंत तर पट्टी सहज तुटते, धाग्याबरोबर कापलंत तर चावत बसावं लागतं. माझ्या घरी यावरून दोन पक्ष आहेत. मी आडवं कापणाऱ्यांतला.

मसाल्याचं मी फार सांगत बसणार नाही, कारण तिथं फारसं बिघडत नाही. किलोभर मांसाला अर्धा कप सोया सॉस, पाव कप वूस्टरशायर सॉस, दोन चमचे ब्राउन शुगर किंवा किसलेला गूळ, पाच-सहा लसूण पाकळ्या वाटून, चमचाभर मिरपूड, आवडीप्रमाणे लाल तिखट. मी त्यात भरडलेले धणे आणि थोडं व्हिनेगर घालतो. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग नावाचं वाळवलेलं मांस करतात, त्यात धणे आणि व्हिनेगरच असतं, तिथून उचललं. रात्रभर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. घरचा कांदा-लसूण मसाला मात्र मोह झाला तरी घालू नका. त्यात खोबरं आणि तेल असतं, त्यामुळे जर्की महिनाभरात खवट होते. हे मी आईनं पाठवलेला अर्धा डबा वाया घालवून शिकलो.

काही जण गुलाबी रंगाचं क्युअरिंग सॉल्ट घालतात. घालायचं असेल तर वजन करूनच, किलोला अडीच ग्रॅम. हे जेवणातलं मीठ नव्हे, त्यात नायट्राइट असतं, अंदाजाने टाकायची वस्तू नाही.

आता विस्तव. याच्या दोन रीती आहेत. एक, वाळवण्याआधी पट्ट्या त्याच मसाल्यात घालून उकळी आणायची आणि पाचेक मिनिटं ठेवायच्या. आतलं तापमान 160 फॅरनहाइट, म्हणजे 71 सेल्सिअस झालं पाहिजे. इतक्या पातळ पट्टीत थर्मामीटर खुपसणार कुठे? एक पट्टी त्याच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळा, आकडा बरोबर दिसतो. ही सगळ्यात बिनघोर रीत, पण पट्टी करडी पडते आणि चव थोडी शिजवलेल्या मटणाकडे झुकते. दुसरी रीत इथल्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनची, म्हणजे लोकशिक्षण विभागाची मंडळी शिकवतात: 145 ते 155 फॅरनहाइटला किमान चार तास वाळवायचं आणि शेवटी 275 ला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवायचं. मी ही करतो. रंग छान गडद राहतो.

बऱ्याच ओव्हनचा काटा 170 च्या खाली उतरत नाही. हरकत नाही, तेवढ्यावर ठेवा आणि दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट राहू द्या, वाफ बाहेर गेली पाहिजे. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण फटीमुळे काट्यावरचा आकडा आणि खरा आकडा यांची फारकत होते. पट्ट्या ट्रेवर पसरू नका. प्रत्येक पट्टीच्या एका टोकात टूथपिक खुपसा, ती जाळीच्या दोन तारांवर आडवी टेकवा, पट्टी खाली लोंबते. बांबूवरचे बोंबीलच, फक्त ओव्हनमध्ये. खाली फॉइल लावलेला ट्रे, नाहीतर साखर ठिबकून जळते आणि धुराचा अलार्म बोंबलतो.

माझी पहिली खेप पूर्ण फसली होती. पट्ट्या अंगठ्याएवढ्या जाड, एकमेकींना चिकटलेल्या आणि ओव्हनचं दार घट्ट बंद. बाहेरून कडक झाल्या म्हणून मी खुशीत गरम-गरमच झिपलॉकमध्ये भरल्या. चौथ्या दिवशी पिशवीच्या आत दव साचलं होतं आणि पट्ट्यांवर पांढरी लव. बाहेरची साल आधीच कडक झाली की आतलं पाणी आतच कोंडतं. शेजारच्या आजोबांना दाखवलं, ते चाळीसएक वर्षं शिकार करतायत. त्यांनी एक पट्टी मधोमध वाकवली, आतला ओला लाल गाभा माझ्यासमोर धरला आणि एवढंच म्हणाले की हे कचऱ्यात टाक आणि दुकानातून घेऊन ये.

तर झालं की नाही हे असं बघा: एक पट्टी काढून पाच मिनिटं गार होऊ द्या, गरम पट्टी नेहमी मऊच लागते. मग वाकवा. घडीवर भेग पडली पाहिजे आणि भेगेत पांढरे धागे दिसले पाहिजेत, पण दोन तुकडे होता कामा नयेत. वाकून भेगच पडली नाही तर अजून ठेवा. कटकन मोडली तर जास्त झाली. तीही खाता येते, फक्त दात सांभाळा. पाच पौंडांची जेमतेम सव्वा पौंड होते, तेव्हा चोरीला गेली असं समजू नका.

भारतात करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. हरणाची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर सगळ्यांची शिकार बंद आहे, मांस नुसतं जवळ सापडलं तरी तुरुंग. गावी कुणी ‘मिळवून देतो’ म्हणालं तर लांब राहा. बोकडाच्या मांडीची मात्र याच रीतीने होते, चरबी काढायला दुप्पट वेळ लागतो इतकंच.

पूर्ण गार झाल्यावर बरणीत भरा. घट्ट झाकणात बाहेर दोनेक आठवडे, त्याहून जास्त ठेवायची तर फ्रिज किंवा फ्रीझर. आणि ज्यानं मांस दिलं त्याला एक पिशवी आधी पोचवा. शिकारीचं मांस इथं विकायला बंदी आहे, ते मिळतं ते असंच हातातून हातात. माझ्या धण्याच्या जर्कीवर आजोबा पहिल्यांदा नाक मुरडून गेले आणि रविवारी रिकामी पिशवी परत घेऊन आले.