गणपतीची सुट्टी आणि सत्राची हजेरी

प्रिय बाय,

पोलीस भरतीच्या निवड यादीत तुझं नाव लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. मैदान आणि लेखी पार पडलं, तरी भरती पुरती झालेली नाही. वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, चारित्र्य पडताळणी, मग नियुक्ती आदेश आणि त्यानंतर प्रशिक्षण केंद्राकडे रवानगी, असा रस्ता आहे. साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ नकोस. बांधाच्या भांडणात कधी तुझं नाव पोलीस ठाण्यात गेलं असेल तर तेही लिही. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की क्षुल्लक बाबीकडे नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो, पण माहिती खरीच द्यायला हवी.

हजर व्हायची तारीख पावसात आली तर एक दिवस आधी निघ. घाटात दरड कोसळते, कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकावर चालते. अडकलीसच तर तिथूनच घटकाला, म्हणजे तुझी निवड झालेल्या पोलीस दलाच्या कार्यालयाला, आणि केंद्राला फोन कर आणि पोहोचल्यावर लेखी अर्ज दे.

आता हजेरी. पहाटेची गणना, पीटी, कवायत, आंतरवर्गाचे म्हणजे खोलीत बसून शिकायचे तास, रात्रीचा रोल कॉल, सगळ्यांची नोंद होते. आजारी पडलीस तर केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे जा. गावच्या डॉक्टरचा दाखला मागाहून आणून खाडा भरून निघेल अशा भरवशावर राहू नकोस. रजा मंजूर झाल्याशिवाय आवार सोडायचं नाही, अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही. गैरहजेरी वाढली तर पुढच्या सत्रात ढकलतात आणि तुझ्याबरोबरच्या मुली दीक्षांत संचलन करून बाहेर पडतात. किती खाडे चालतात तो आकडा पहिल्याच दिवशी केंद्राच्या स्थायी आदेशातून उतरवून घे.

खरी अडचण मला दिसते ती गणपतीची. आपल्याकडे मुंबईचा चाकरमानी नोकरी पणाला लावून गावी येतो, तिथे घरची लेक येणार नाही हे तुझ्या आईला पटायचं नाही. फोनवर रडारड होईल, ‘दीड दिवसाचाच तर आहे’ म्हणतील. तरीही खोटं कारण लावून रजा मागू नकोस. पुढे नोकरीतही तेच दिवस तुझ्या बंदोबस्ताचे असणार. सगळे आरतीला उभे असतील तेव्हा तू महामार्गावर कशेडीच्या आसपास गाड्या सोडत असशील. ती सवय आत्ताच लागू दे, आणि आईला आत्ताच सांग.

आणि तास चुकला म्हणजे काय चुकतं तेही ऐक. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, जुनी कलमं पाठ असलेले हवालदारही नव्याने शिकले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, म्हणजे आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यावर पोलिसांनी करायची चौकशी, आंतरवर्गात एखाद्या दुपारी शिकवतील. जेवण झालेलं असतं, पहाटे धावून पाय भरून आलेले असतात, झोप येते. तेव्हाच जागी राहा. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक बुडतात, समुद्र प्रेत बाहेर टाकतो आणि ठाण्यातून निघालेल्या पथकात तू असतेस. परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच बोलवायचे. डोकं कोणत्या दिशेला, अंगावर कपडे कोणते, जखम कुठे, किती लांब, खडकावर घासल्याची की आणखी कशाची, ते जसं दिसतं तसं लिहायचं. भरतीचं पाणी वर चढत असतं, वही उघडून बघायला वेळ नसतो. अहवालावर तुमची आणि पंचांची सही होऊन तो चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. त्यात जखमेची एक ओळ राहिली तर त्या घराला आपलं माणूस बुडालं की बुडवलं गेलं, हे कधीच कळणार नाही.

तिथल्या निर्देशकांना शंका विचारायला लाजू नकोस. बरीचशी मंडळी ठाण्यात वर्षानुवर्षं राबून आलेली असतात आणि पुस्तकात नसलेलं सांगतात.

नियुक्ती आदेश हातात पडला की मला फोन कर, अटी एकत्र बसून वाचू.

तुझा,
काका