यूट्यूबचे जुने व्हिडिओ आणि इतिहासाची पदवी

सोलापूरहून एक विद्यार्थिनी लिहिते : मी बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. मला प्राध्यापक व्हायचंय आणि इंटरनेटवरचे सुरुवातीचे व्हिडिओ इतिहासाचं साधन म्हणून कसे तपासायचे, हे मुलांना शिकवायचंय. प्रकल्पासाठी हा विषय सुचवला, तर ‘हा टाइमपास आहे’ असं ऐकावं लागलं. बाबा म्हणतात, सरळ बीएड कर. मी इतिहास सोडून डिजिटल मीडियाचा कोर्स करू का?

उत्तर : इतिहास अजिबात सोडू नकोस. व्हिडिओ बनवायला शिकवणारे कोर्स गल्लोगल्ली आहेत. पण हा व्हिडिओ कोणी चढवला, केव्हा, कशासाठी आणि आज दिसतोय तो तेव्हाचाच आहे का, हे विचारायची सवय इतिहासाच्या वर्गातच लागते. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींवर विसंबणाऱ्यांना अस्सल पत्रांकडे वळवलं. ती साधनचिकित्सा तू तीन वर्षं शिकते आहेस. तिचा हात आता नव्या साधनावर फिरवायचा आहे, एवढंच.

‘टाइमपास’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे एक नमुना ठेव. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, ‘मी ॲट द झू’, घे. जेमतेम १९ सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा किती लांब आहेत ते सांगतो. आशय तेवढाच, पण तपासायला लागलीस की तास पुरत नाही. तो चढवला गेला तेव्हा कॅलिफोर्नियात २३ एप्रिल २००५ ची संध्याकाळ होती, म्हणजे आपल्याकडे २४ ची सकाळ उजाडली होती. मग प्रकल्पात तारीख कोणती लिहायची आणि का? व्हिडिओखालचं वर्णन वाचून कोणी ‘२००५ मध्ये करीमला असं वाटत होतं’ म्हणेल, तर तो फसेल. कारण तो मजकूर नंतर बदलला गेला आहे. २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लपवायचं ठरवलं, तेव्हा करीमने आपली नाराजी त्याच जागी लिहिली. लाइकचं बटणही २००५ चं नाही. तेव्हा लोक पाच चांदण्यांपैकी किती, ते सांगत. ही रीत २०१० मध्ये गेली. चित्रफीत जुनी, भोवतालचं पान नवं, हे मुलांना एकदा दाखवलंस की ती इतर कागदपत्रांकडेही वेगळ्या नजरेने बघतील.

साधनामागचा खरा कर्ता कोण, हा प्रश्न शिकवायला ‘लोनलीगर्ल१५’ हे यूट्यूब चॅनल घे. जून २००६ पासून एक मुलगी आपल्या खोलीतून मनातलं बोलत होती, लाखो लोक तिला खरी मानत होते. सप्टेंबरमध्ये उघड झालं की सगळं लिहून बसवलेलं आहे आणि ती अभिनेत्री आहे. खोटं ठरलं म्हणून हे साधन फेकायचं नाही. लोकांना ते खरं का वाटलं, यातच २००६ चा इतिहास आहे.

वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारं संग्रहस्थळ, वापरायला शीक. तिथे जुनं पान सापडतं, पण त्यातला व्हिडिओ पुष्कळदा चालत नाही. ज्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर तो चालायचा त्याचा आधारच ॲडोबीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. मुंबईच्या कॅम्प या गटाचा मोठा वाटा असलेलं ‘पॅड डॉट मा’ हे २००८ पासूनचं संग्रहस्थळही बघ. चित्रफितीच्या नेमक्या क्षणाला टिपण कसं जोडतात, ते तिथे कळेल. आणि एक गोष्ट मनापासून सांगते : जुन्या व्हिडिओंत अशी मुलं दिसतात, ज्यांची परवानगी कोणी विचारली नव्हती. ती आज मोठी झाली आहेत. त्यांची नावं वर्गात आणू नकोस.

आता पोटापाण्याचं. इतिहासात एमए कर, मग सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा दे. कायम जागा थोड्या आहेत, आणि पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतील, हे घरी आत्ताच सांगून ठेव. बाबांची काळजी रास्त आहे. बीएड एमएनंतरही करता येतं, शाळेचा रस्ता खुला राहतो. माझं मत विचारशील तर जोडीला ग्रंथालयशास्त्राची पदवी घे. अभिलेखागारं आणि वृत्तवाहिन्यांचे चित्रसंग्रह यांना नोंदी नीट करणारी माणसं लागतात, आणि व्हिडिओची सत्यता तपासण्याच्या कामातही तुझी ही सवय थेट उपयोगी पडेल.

प्रकल्पाचा विषय मात्र आटोपशीर कर. ‘सुरुवातीचे ऑनलाइन व्हिडिओ’ म्हटलं तर कोणीही मार्गदर्शक घाबरेल. यूट्यूबने मार्च २००६ मध्ये व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा घातली, जुलै २०१० मध्ये ती पंधरा केली. त्या काळात चढवलेली मराठी नाटकं, कीर्तनं ‘भाग १’, ‘भाग २’ अशी तुकड्यांत सापडतात. त्यातली पाच-सहा निवड. कुठे कापलं, मधला भाग गायब आहे का, खाली परदेशातून कोणी काय लिहिलं, याची प्रत्येकी एक नोंद कर. पाहिल्याची तारीख टाकायला विसरू नकोस. या नोंदी घेऊन सरांना पुन्हा भेट.