धाकटा चौदा वर्षांचा होतो तेव्हा

“मुलगा चौदा वर्षांचा झाला की सरकारी पैसे बंद होणार. मग घर कसं चालवू?” ऑस्ट्रेलियात एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आया समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं फिरून फिरून या प्रश्नाशी येतं. अशाच एकीची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

मुलगी सतरा वर्षांची, मुलाला चौदा पूर्ण व्हायला काही महिने. आई वृद्धाश्रमात आठवड्याला सोळा-सतरा तास काम करायची. “ताई, पोटच्या पोराचा वाढदिवस नको वाटतो मला,” असं म्हणून ती रडली. पैशांचा हिशेब थोडा थांबू शकत होता, म्हणून आम्ही आधी या अपराधी भावनेबद्दलच बोललो. तिला धास्ती पोराची नव्हती, त्या तारखेची होती.

मग कागद घेतला. सर्वांत धाकटं मूल चौदा वर्षांचं झालं की ‘पॅरेंटिंग पेमेंट सिंगल’, म्हणजे एकल पालकाला मिळणारं सरकारी साहाय्य, थांबतं. 20 सप्टेंबर 2023 पूर्वी ही मर्यादा आठ वर्षांची होती, म्हणजे आता बरीच बरी. तरी मला हा नियम उफराटाच वाटतो. चौदाव्या वर्षी मुलाची भूक, बूट, शाळेचा खर्च सगळं वाढतं आणि घरात येणारा पैसा मात्र घटतो.

पुढचा मार्ग ‘जॉबसीकर’चा, म्हणजे काम शोधणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा. तो आपोआप लागेल असं धरून बसू नये, वेळेत अर्ज करावा. त्याची रक्कम कमी असते. शिवाय पंधरवड्याला 150 डॉलरच्या वर कमाई गेली की एकल पालकाचे प्रत्येक जादा डॉलरमागे 40 सेंट कापले जातात. आधीच्या पेमेंटमध्येही कपात 40 सेंटांचीच, पण ती बऱ्याच वरच्या कमाईपासून सुरू होते. म्हणून काम करणाऱ्या आईला फटका दुहेरी बसतो.

“आता पूर्णवेळ नोकरी शोधावी लागेल का?” नाही. धाकटं मूल सोळाचं होईपर्यंत हा भत्ता चालू राहायला पंधरवड्याला तीस तासांचं काम पुरतं, आणि तेवढं ती करतच होती. मुलांच्या खर्चासाठी मिळणारा ‘फॅमिली टॅक्स बेनिफिट’ वेगळा. तो चौदाव्या वाढदिवसाला थांबत नाही.

खरी गाठ इथेच होती. आईची ओढाताण पाहून मुलीने शाळा सोडून दुकानात पूर्णवेळ लागायचं ठरवलं होतं, आणि आईनेही मनातून ते जवळजवळ मान्य केलं होतं. पण सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी या बेनिफिटचा ‘पार्ट ए’ मिळतो तो सहसा पूर्णवेळ शालेय शिक्षण चालू असेल तरच. शाळा सुटली की तिच्या नावावर येणारा भागही जाणार! हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटीला मुलीलाही बोलावलं. आईने मुलीला घरखर्चाचे खरे आकडे पहिल्यांदाच सांगितले. इतके दिवस मुलगी अंदाजाने घाबरत होती, आणि तिचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा वाईट होता. शाळा सोडायची नाही, हे तिथेच ठरलं. तूट मात्र उरलीच. ती माझ्या खोलीत बसून भरून निघणारी नव्हती. त्यासाठी ‘नॅशनल डेट हेल्पलाइन’वरच्या विनामूल्य आर्थिक समुपदेशकाकडे पाठवलं. आईने कामावर आणखी एक पाळी मागितली, जादा डॉलरमागे कर धरण्याआधी साठ सेंट हातात राहतील हा हिशेब करूनच.