वडिलांची १९६८ ची फियाट: चोरी होण्याआधी करावयाची कायदेशीर तजवीज

प्रश्न: माझ्या दिवंगत वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी असते. वडिलांना जाऊन आठ महिने झाले. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे, नोंदणीची मुदत संपली आहे आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. गेल्या महिन्यात कोणीतरी पुढच्या दाराची त्रिकोणी काच उचकटली. सोसायटी जबाबदारी झटकते. वागळे इस्टेटमधील एक गॅरेजवाले गाडी काही महिने दुरुस्तीसाठी ठेवून घेण्यास तयार आहेत. घरात आई आहे, भाऊ वाशीला राहतो. गाडी चोरीला गेली तर काय, आणि ती जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर: आज ही गाडी चोरीला गेली, तर आपल्याला विम्यातून काहीही मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, त्यात आपल्या गाडीची चोरी येत नाही. शिवाय वाहन विम्याच्या प्रमाणित अटींनुसार विमाधारकाच्या निधनानंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच टिकते. वैध नोंदणी नसलेल्या गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुशीलकुमार गोदारा प्रकरणात अमान्य केलेला आहे. त्यामुळे काच आणि कुलूप बदलण्याइतकीच घाई कागदपत्रांची करावी.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ नुसार मृत्यूची माहिती वारसाने नोंदणी प्राधिकरणास (आरटीओस) तीस दिवसांत द्यावयाची असते आणि हस्तांतरणाचा नमुना ३१ मधील अर्ज तीन महिन्यांत करावयाचा असतो. या मुदती उलटल्या असल्या तरी विलंबशुल्क भरून अर्ज करता येतो, तो करावा. आपले आई आणि बंधू हेही समान हिश्श्याचे वारस आहेत, म्हणून दोघांची नाहरकत प्रतिज्ञापत्रे सोबत जोडावीत. गाडीची दुसरी किल्ली बंधूंकडे असल्यास तीही आताच मागून घ्यावी. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. आणि उद्या घरातल्याच कोणी हिश्श्याच्या हक्काने गाडी नेली, तर पोलीस तो कौटुंबिक वाद मानण्याची शक्यता मोठी असते. अशी पाळी येऊ नये, ही माझी मनापासून इच्छा आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. ती नोंदणी दहा वर्षांसाठी असते, परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी आईंना घेऊन येऊरला जाण्याचा विचार असेल, तर ती नोंदणी आपल्या उपयोगाची नाही. त्याऐवजी कलम ४१ खाली पाच वर्षांचे सर्वसाधारण नूतनीकरण करून घ्यावे. त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल.

नोंदणी होताच सर्वसमावेशक विमा घ्यावा. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे मूल्यांकनकाराचा अहवाल, दुरुस्तीची बिले आणि गाडीची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे दिली नाहीत, तर ही गाडी भंगाराच्या भावात मोजली जाईल.

काच उचकटल्याची तक्रार आपण दिलेली दिसत नाही. ती नौपाडा पोलीस ठाण्यात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. विमाधारकाने वाहनाच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घेतली पाहिजे, ही पॉलिसीची अट आहे, आणि एकदा प्रयत्न झाल्यावर आपण काय केले, हा प्रश्न कंपनी नक्की विचारेल. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्याने आजच्या गाड्यांचे गिअर लॉक तिला बसत नाहीत. स्टिअरिंगचे मजबूत कुलूप, बॅटरी तोडणारा लपवलेला स्विच आणि जीपीएस ट्रॅकर हे तिन्ही बसवावेत आणि त्यांची बिले जपून ठेवावीत.

सोसायटीकडून भरपाईची आशा धरू नये. किल्ली आणि ताबा आपल्याकडेच असल्यामुळे सोसायटी केवळ जागा देते. ती गाडीची राखणदार ठरत नाही. मात्र सीसीटीव्ही आणि रखवालदार यांवर सभासदांचा पैसा खर्च होत असल्याने, झालेल्या प्रकाराची लेखी नोंद घेऊन चित्रण जपून ठेवण्याची मागणी आपण अवश्य करावी.

गॅरेजची गोष्ट निराळी आहे. तेथे आपण किल्लीसह ताबा देता, म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ आणि १५१ प्रमाणे सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घेण्याचे बंधन गॅरेजवाल्यांवर येते. २०१९ मध्ये हॉटेल ताजमहालच्या प्रकरणात व्हॅले पार्किंगमधून, म्हणजे किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिल्यानंतर, चोरीला गेलेल्या मारुती झेनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला याच तत्त्वावर जबाबदार धरले. परंतु कलम १७० नुसार मजुरी थकल्यास त्यांना गाडी अडवून ठेवता येते, हेही ध्यानात असावे. गाडी सोडण्यापूर्वी जॉबकार्डवर इंजिन आणि चॅसी क्रमांक, मूळ कार्ब्युरेटर, व्हीलकॅप, ग्रिल यांची यादी, गाडी रात्री कुठे उभी राहील आणि ती दुसऱ्या कोणाकडे कामाला पाठवली जाणार नाही, हे लिहून सही घ्यावी. जुन्या गाड्यांत पूर्ण गाडीपेक्षा सुटे भाग हळूहळू बदलले जाण्याचा धोका जास्त असतो, आणि यादी नसेल तर तो सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. नोंदणी आणि विमा होईपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नये, असे माझे मत आहे. तपासणीसाठी आवश्यक तेवढी दुरुस्ती सोसायटीतच मेकॅनिक बोलावून करून घ्यावी.

एवढे करूनही गाडी गेलीच, तर त्याच दिवशी एफआयआर नोंदवावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पोलिसांनी एफआयआर नाकारल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा मार्ग आहे. गाडी न सापडल्यास पोलिसांच्या ‘ए समरी’ची, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही अशा अंतिम अहवालाची, प्रत दाव्यासाठी लागते. ती सापडल्यास ताब्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करावा, कारण सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत असे बजावले आहे. त्या अर्जासोबत आपल्या नावाचे आरसी बुक आणि चॅसी क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप लागेल. ती छाप गाडी आपल्या दारात उभी आहे तोवरच घेऊन ठेवावी.