परिविक्षा अधिकाऱ्याच्या हाताखालचं काम म्हणजे नुसते फॉर्म भरणं असतं का?

प्रश्न असा आहे: "एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय. पुण्यात परिविक्षा अधिकाऱ्यांना मदत करण्याचं कंत्राटी काम मिळतंय. नेमकं काय करावं लागतं आणि घ्यावं का? ओळखीचे म्हणतात, नुसती फॉर्म भरायची नोकरी आहे."

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणजे आरोपीच्या घरची परिस्थिती तपासून अहवाल देणारा आणि सोडलेल्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी. येरवड्याला बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळाच्या, आणि शिवाजीनगरला न्यायालयाच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. फॉर्म भरावा लागतो हे खरं. पण मंडळासमोर त्या मुलाचं घर, शाळा, वस्ती जे काही पोचतं ते त्या फॉर्ममधूनच पोचतं. मंडळावरचे दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते काही त्याच्या खोलीत जाऊन बसत नाहीत. तिथे तुम्ही जाता. त्यामुळे कुठला रकाना कुठे उभं राहून भरला, यालाच किंमत आहे.

आणि तुम्ही उपरे नसता. परिविक्षा अधिकारी हा न्यायालयाचा नोकर नसतो, तो महिला व बाल विकास विभागाकडून येतो. त्याच्याबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षातले समाजकार्यकर्ते, क्षेत्र कार्यकर्ते आणि फील्डवर्कचे विद्यार्थी राबतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकाऱ्याला किंवा समाजकार्यकर्त्याला सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची चौकशी, करून अहवाल द्यायला सांगता येतं. मदतनीस म्हणजे फायली उचलणारा, असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

त्याच कलमात या अहवालाला पंधरा दिवसांची मुदत आहे. ती मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केलं त्या तारखेपासून मोजतात, पत्र आपल्या टेबलावर आलं तेव्हापासून नाही. पत्र चार दिवस फिरत आलं तर हातात उरतात अकरा. नवीन माणूस हमखास इथे फसतो. म्हणून फाइल आली की आतल्या कव्हरवर आधी पहिल्या हजेरीची तारीख लिहा, तिच्याखाली पंधरावा दिवस लिहा आणि मग फाइल वाचा. पोलीस ठाण्यातून एफआयआर नोंदवला असेल तर त्याची प्रत आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने भरलेला नमुना १ (मुलाच्या पार्श्वभूमीचा पोलिसांचा अहवाल) त्याच दिवशी मागा. नमुना १ मधला पत्ता मात्र जसाच्या तसा उतरवू नका. तो घाईत, कित्येकदा रात्री घेतलेला असतो आणि आधारवर लातूरचं किंवा बीडचं गाव असलं तर तेच लिहिलेलं असतं.

पत्ता मुलाकडून घ्यायचा. "कुठे राहतोस" असं विचारलं तर "पर्वती" एवढंच उत्तर मिळतं. "बसमधून उतरल्यावर घरी कसा जातोस" असं विचारलं की तो बोलायला लागतो: चौकातलं मंडळ, पायऱ्या, दळणाची गिरणी, सार्वजनिक संडास, मग डावीकडे निळं दार. नमुना ६ मध्ये, म्हणजे आपण भरतो त्या सामाजिक तपासणी अहवालाच्या फॉर्ममध्ये, पत्त्याजवळच्या खुणेला वेगळा रकाना आहे तो याच्यासाठी. जनता वसाहत, लोहियानगर, पाटील इस्टेट, ताडीवाला रोड, कुठेही घरनंबर धरून शोधायला जाल तर दुपार वाया जाईल. लाइट बिलावरचा मीटर नंबर आणि चौकातल्या मंडळाचं नाव, या दोन गोष्टींवर घर सापडतं.

आता गृहभेट. माझं सगळं म्हणणं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक अहवाल अजून डोक्यातून जात नाही. सोळा वर्षांचा मुलगा, दुचाकी चोरीचा आरोप. वडील मार्केट यार्डात हमाल, आई धुणीभांडी करणारी. पहिली भेट सकाळी अकराला झाली. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, "बाप दिवसभर पिऊन पडलेला असतो, पोराकडे कोण बघणार?" कच्च्या अहवालात कुटुंबाच्या तक्त्यात वडिलांच्या व्यसनाच्या रकान्यात "दारू", आई-वडिलांच्या संबंधांपुढे "सलोख्याचे नाहीत" आणि जोखमीच्या विश्लेषणात "घरी देखरेख नाही" असं येऊन बसलं. तिन्ही ओळींचा उगम एकच, त्या बाईचं एक वाक्य. ती ओळ वाचून कुणीही म्हणेल, मुलाला घरी पाठवू नका.

कार्यालयातल्या एका ज्येष्ठांचं मत होतं की एक भेट पुरे, बाकीचं फोनवर विचारून घ्या, पंधरा दिवसांत किती हिंडणार? यावर आमचं भरपूर वाजलं. शेवटी दुसरी भेट झाली, दुपारी तीनला. दार उघडं होतं आणि बाप खरोखरच झोपलेला होता. तो रात्री दीडला घर सोडतो. गाड्या रात्री लागतात, माल उतरवायला हमाल तेव्हाच लागतात, हे यार्डाशेजारी गुलटेकडीला राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सकाळी उशिरा काम संपतं, जेवून तो झोपतो. त्याच्याकडे तोलाई-हमालीच्या नोंदीची वही होती, तीन महिन्यांची, जवळजवळ खाडा नसलेली. रोज पिऊन पडणाऱ्याची वही अशी दिसत नाही. शेजारणीशी त्यांचं सांडपाण्याच्या नळीवरून वर्षभर भांडण चालू होतं, तेही त्याच गल्लीत दोन घरं पुढे कळलं. आई दुपारी दीडला घरी येते. म्हणजे मुलावर लक्ष नसण्याची वेळ खरंच होती, पण ती सकाळची होती, शाळेची. शाळेच्या हजेरीपटावर पाहिलं तर मुलगा सहा महिने सकाळी शाळेत पोचतच नव्हता.

मग खरा प्रश्न समोर आला: सकाळी तो असतो कुठे? एका गॅरेजजवळ, तेवीस-चोवीस वर्षांच्या एकाबरोबर. मुलाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. नमुना ६ मध्ये प्रौढ व्यक्तीने किंवा टोळीने मुलाचा वापर केला का, असा रकाना आहे आणि मी बघितलेल्या बहुतेक अहवालांत तिथे "नाही" लिहिलेलं असतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं. कलम ८३ खाली मुलांचा असा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. तो रकाना कोरा सोडणं म्हणजे त्या माणसाला मोकळं सोडणं. पक्क्या अहवालात तीन ओळी बदलल्या, हा रकाना भरला आणि सूचना झाली: घरी पाठवावं, सकाळचं शाळेत पोचणं परिविक्षा अधिकाऱ्याने तपासावं. फोनवर यातलं काय कळलं असतं? फोन आईने उचलला असता, "हो साहेब, सगळं ठीक आहे" म्हणाली असती.

तर भेटी दोन, वेगवेगळ्या वेळी. हमाल, रिक्षावाले, वॉचमन दुपारी भेटतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दीड ते चार किंवा रात्री आठनंतर. कंपनीत पाळीवर जाणारे रविवारी. वस्तीत शिरताना गळ्यात ओळखपत्र नको, खिशात ठेवा आणि घरात गेल्यावर दाखवा. "कोर्टातून आलोय" असं गल्लीत मोठ्याने बोललात तर मुलाची ओळख तुम्हीच फोडली. कलम ७४ प्रसारमाध्यमांतून ओळख उघड करण्यावर बंदी घालतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गल्लीला ते कलम लागू नसलं तरी मुलाचं नुकसान तेवढंच होतं.

अहवाल लिहिताना वहीचे तीन भाग करा: डोळ्यांनी पाहिलं, कुणी सांगितलं, कागदावर आहे. प्रत्येक नोंदीसमोर वेळ टाका. "शेजारी सांगतात की" हे तीन शब्द गाळले की ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती होऊन बसते. वरच्या अहवालात नेमकं हेच झालं होतं. "वाईट संगत", "हट्टी", "बेजबाबदार पालक" असले शब्द लिहूच नका. त्याऐवजी कोणाबरोबर, कुठे, किती वाजता हे लिहा.

आणि मुलाकडून कबुली काढू नका. गुन्ह्यामागचं कारण असा रकाना आहे म्हणून नवीन लोक तिथे "मुलाने गाडी चोरल्याचे मान्य केले" असं लिहून मोकळे होतात. ते आपलं काम नाही. कायदा मुलाला निर्दोष धरूनच सुरुवात करतो. "आरोपित घटनेच्या वेळची परिस्थिती" लिहा, त्यापलीकडे जाऊ नका.

वयाच्या कागदांचं थोडं. महाराष्ट्रात १ जून ही अर्ध्या वर्गाची जन्मतारीख असते, गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली. कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आधार या यादीतच नाही. १ जून दिसला की पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखला दोन्ही मिळवायला लागा. मूल अठराच्या काठावर असेल तर एका महिन्याच्या फरकाने प्रकरण मंडळाऐवजी नेहमीच्या न्यायालयात जातं. वय ठरवणं मंडळाचं काम, पण कागद वेळेत समोर ठेवायचं काम तुमच्याकडे येईल.

शिवाजीनगरची बाजू वेगळी. तिथे प्रौढ आरोपी, १९५८ चा परिविक्षा कायदा आणि अहवाल मागवला जातो तो बहुधा दोषी ठरल्यावर, शिक्षेआधी. एकवीसच्या आतल्या आरोपीला तुरुंगात पाठवण्याआधी कलम ६ खाली न्यायालयाला अहवाल मागवावाच लागतो. तुरुंगाऐवजी सोडताना घेतलेलं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं, देखरेखीचा आदेश असेल तर तो किमान एक वर्षाचा. इथे मदतनिसाचं मुख्य काम देखरेखीच्या नोंदी: कधी भेटला, पत्ता बदलला का, कामावर आहे का. पत्ता बदलल्याचं महिनाभर कळलं नाही तर नंतर अटी मोडल्याचा अहवाल जातो आणि माणूस प्रत्यक्षात फक्त धायरीहून वारज्याला खोली बदलून गेलेला असतो.

२०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटीत सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून मंडळाचं काम सगळ्यांच्या तोंडी आलं. तेव्हापासून कुणालाही सांगा की मी या कामात आहे, तो निबंधावरच येतो. जामिनाच्या अटींवर चर्चा जरूर व्हावी. पण दुचाकी, मोबाइल, मारामारीच्या प्रकरणांत येरवड्याला येणाऱ्या पोरांच्या घरी कोण गेलं होतं आणि किती वाजता, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारावंसं वाटतं.

काम घ्यावं का? हिंडायची तयारी असेल तर घ्या. टेबलावर बसून करायचं असेल तर घेऊ नका, ते तुमच्यापेक्षा मुलांना महागात पडेल. कंत्राटाच्या पत्रात प्रवासखर्च वेगळा आहे की मानधनातच धरलाय, हे सहीआधी वाचा. मानधनातच असेल तर दुसरी भेट तुमच्या खिशातून होते आणि मग लोक फोनवर भागवतात. मी ज्यांच्याशी वाद घातला त्यांचंही मूळ दुखणं कदाचित हेच असावं, हे आता मान्य करतो. त्यांच्याकडे फायली जास्त होत्या आणि माणसं कमी. तरीही एका भेटीवर व्यसनाचा रकाना भरणं मला आजही चूकच वाटतं.

वरच्या प्रकरणातले वय, धंदा आणि जागेचे तपशील बदलले आहेत. दुसरं, नमुन्यांचे क्रमांक मी २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे दिले आहेत. तुमच्या कार्यालयात जो छापील नमुना वापरतात तो पहिल्याच दिवशी मागून घ्या, घरी नेऊन एकदा स्वतःच्या कुटुंबावर भरून बघा. वडिलांच्या सवयींच्या रकान्याशी पोचलात की काय लिहायचं आणि ते कुणाला विचारून लिहायचं, हे आपोआप कळेल.